सातबाऱ्यावरचं टिंब: एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी १९५७ साली जमीन घेतली, खरेदीखतात क्षेत्र '३ एकर १७ गुंठे' लिहिलं आहे. आजच्या सातबाऱ्यावर त्याच जमिनीचं एकूण क्षेत्र १.३८.६० दिसतं. मोबाइलवर हेक्टरचे एकर केले तर ३.४२ येतात. धाकटे चुलते म्हणतात जमीन ३ एकर ४२ गुंठे भरते, म्हणजे २५ गुंठे कागदावरून दडवले गेले होते. आता रस्त्याकडेचे १० गुंठे विकायचे आहेत आणि उरलेल्या जमिनीची चार भावांत सारखी वाटणी करायची आहे. कोणता आकडा धरायचा?

आधी उत्तर देतो, म्हणजे घरातला ताण तरी कमी होईल. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकाच क्षेत्राचे आहेत. जमीन एका गुंठ्यानंही वाढलेली नाही, कुणी काही दडवलेलं नाही. चूक फक्त ३.४२ वाचण्यात आहे. ४० गुंठ्यांना एकर भरतो, त्यामुळे '३ एकर ४२ गुंठे' असं क्षेत्र असूच शकत नाही. ते ४ एकर २ गुंठे झालं असतं. कॅल्क्युलेटरच्या ३.४२ मधले ४२ हे गुंठे नसून एकराचे शंभरावे भाग आहेत. पूर्ण आकडा ३.४२४९ आहे. टिंबानंतरच्या ०.४२४९ ला ४० नं गुणा, १७ गुंठे येतात. खरेदीखतात तेच आहेत.

मोजणीच्या कामात माझी सगळी नोकरी गेली आणि भावकीतल्या बांधाच्या भांडणांपैकी कितीतरी भांडणं या एका टिंबापाशी सुरू झालेली पाहिली आहेत. माणसं कोर्टापर्यंत जातात, बोलणं बंद होतं, आणि शेवटी निघतं काय, तर कुणीतरी दशांशाला गुंठे समजलेलं असतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

जमिनीच्या कागदावर टिंब दिसलं की ते कोणतं टिंब आहे हे आधी ठरवायचं. जुन्या दप्तरात एकर आणि गुंठे यांच्यामध्ये कधी आडवी रेघ असते, कधी टिंब. '३-१७' किंवा '३.१७' म्हणजे ३ एकर १७ गुंठे. इथे टिंबाच्या उजवीकडचा आकडा ३९ च्या पुढे जात नाही, कारण चाळिसाव्याला एकर वाढतो. सातबाऱ्यावरच्या १.३८.६० मध्ये दोन टिंबं आहेत: १ हेक्टर, ३८ आर, ६० चौरस मीटर. इथे शंभराशंभराचे टप्पे असल्यामुळे तो आकडा १.३८६० हेक्टर असाही वाचता येतो आणि नव्या उताऱ्यांवर बऱ्याचदा तसाच छापलेला असतो. तिसरं टिंब कॅल्क्युलेटरचं, म्हणजे शुद्ध दशांश.

चौथा प्रकार नागपूरकडच्या जुन्या कागदांत भेटतो. जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांमध्ये एकराचे गुंठे न करता शंभर भाग करायची पद्धत होती, त्याला डिसमिल म्हणतात. तिथल्या कागदावर ३.१७ एकर लिहिलं असेल तर ते ३ एकर १७ डिसमिल, म्हणजे ३ एकर पावणेसात गुंठ्यांच्या आसपास. मेट्रिकमध्ये १.२८.२९. तुमच्या ३ एकर १७ गुंठ्यांपेक्षा तब्बल दहा आरांनी कमी, आणि कागदावर दोन्हीकडे अक्षरं तीच. ओळखायचं कसं? त्याच गावच्या त्याच काळातल्या कागदांवर नजर फिरवा. कुठेही टिंबानंतर ४० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, समजा २.७५, तर तिथे दशांश पद्धत आहे. सगळीकडे ३९ च्या आतच असेल तर गुंठे धरायला हरकत नाही.

यावरून एक्सेलमध्ये क्षेत्र भरणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: एकर-गुंठे एका रकान्यात टिंब देऊन लिहू नका. १ एकर २५ गुंठे अधिक १ एकर २५ गुंठे म्हणजे ३ एकर १० गुंठे. एक्सेलला १.२५ आणि १.२५ दिलं की ते २.५० सांगेल आणि त्याचे कुणी २ एकर ५० गुंठे करेल, कुणी अडीच एकर. पहिल्यात एकर बांधायचा राहिला, दुसरं सरळ चूक. सगळ्या क्षेत्राचे आधी गुंठे करा, बेरीज-वजाबाकी, भागाकार गुंठ्यांतच करा, एकर शेवटी बांधा. तुमची जमीन १३७ गुंठे आहे. कागदाच्या वर मोठ्या अक्षरात १३७ लिहा आणि मग पुढे चला.

आता मापाकडे येऊ. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जी पैमाश, म्हणजे जमिनीची सरकारी मोजणी, झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यातून जिची घडी बसवली, तिच्यात साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा: ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे क्षेत्राचा एक आणा, म्हणजे ६८ चौरस फुटांना किंचित जास्त. १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, एकराचे ४३,५६० चौरस फूट. हिशेब इतका सुटसुटीत होता की बांधावर उभ्या उभ्या तोंडी क्षेत्र काढणारी जुनी माणसं होती.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानं देशात मेट्रिक पद्धत आली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं महसुली दप्तर हेक्टर-आरमध्ये गेलं. आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, १०० चौरस मीटर, फुटांत १०७६.३९. शंभर आरांचा हेक्टर. आर आणि गुंठा एकमेकांच्या इतके जवळ येतात की लोक दोन्ही एकच धरतात. गुंठा आरापेक्षा साडेबारा चौरस फुटांनी मोठा आहे, एवढाच काय तो फरक. पण तो साठत जातो. एक एकर म्हणजे ४०४६.८६ चौरस मीटर. तो '४० आर' म्हणून लिहिला की ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट कागदावरून गेले. जिथे गुंठ्याच्या भावानं प्लॉट विकले जातात तिथे हा जवळजवळ अर्धा गुंठा आहे. कोरडवाहू माळावर कुणी याचा विचार करणार नाही. हमरस्त्याला लागून असलेल्या जमिनीत करायलाच हवा.

तोंडी रूपांतरासाठी मी एक रीत वापरतो आणि शिकवतोही. एक गुंठा म्हणजे एक आर आणि वर १.१७ चौरस मीटर. तेव्हा जितके गुंठे तितके आर लिहायचे आणि गुंठ्यांच्या आकड्याला १.१७ नं गुणून येतील तेवढे चौरस मीटर त्यात घालायचे. तुमचे १३७ गुंठे घ्या. १३७ आर. १३७ गुणिले १.१७ म्हणजे १६० चौरस मीटर, म्हणजेच १ आर ६० चौरस मीटर. बेरीज १३८ आर ६० चौरस मीटर. सातबाऱ्यावर १.३८.६०. आकडा तंतोतंत जुळला, याचा अर्थ तुमच्या गावी रूपांतर करताना कारकुनानं काळजी घेतली होती. सगळीकडे तसं झालेलं नाही. कित्येक ठिकाणी चौरस मीटर न ठेवता आकडा जवळच्या पूर्ण आरावर नेलेला असतो, तिथे १.३९ दिसलं असतं आणि तेही लबाडीनं नव्हे.

उलट जायचं असेल तर आरांना ०.९८८४ नं गुणा. हेक्टरचे ९८.८४ गुंठे होतात, म्हणजे २ एकर १८ गुंठे आणि वर १३ आणे. 'हेक्टर म्हणजे अडीच एकर' हे बोलण्यापुरतं ठीक आहे, लिहिण्यापुरतं नाही. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, हेक्टरपेक्षा गुंठाभरानं जास्त.

शून्यांबद्दल सावध राहा. ५ आर म्हणजे ०.०५.००. हेच ०.५ असं लिहिलं गेलं की ते अर्धा हेक्टर, ५० आर वाचलं जातं. हाताच्या सातबाऱ्यावरून संगणकात नोंदी घेताना अशा चुका झाल्या आहेत आणि त्या दशपटीच्या असल्यामुळे फार त्रास देतात. आपल्या उताऱ्यात असा संशय असेल तर तलाठ्याशी वाद घालण्याआधी चार कागद गोळा करा: मूळ दस्त, त्यावरून झालेला फेरफार, जुना हस्तलिखित सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातला आकारबंद. आकारबंदात त्या सर्व्हे किंवा गट नंबरचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, लिहिलेला असतो. सातबाऱ्याचं एकूण क्षेत्र त्याच्याशी जुळायला हवं. चूक निव्वळ लेखनाची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जात नुसतं 'क्षेत्र चुकलं' असं न लिहिता वरची आकडेमोड मांडून दाखवा. अमुक गुंठे, त्याचे अमुक चौरस मीटर, उताऱ्यावर दिसतात अमुक. समोरच्या अधिकाऱ्याला पडताळायला सोपं गेलं की काम पुढे सरकतं.

पोटखराब्याचं एक बघून घ्या. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवतात, एकूण म्हणजे दोहोंची बेरीज. खरेदीखतातलं क्षेत्र लागवडीच्या ओळीशी ताडून पाहिलं तर कमी भरणारच. तुम्ही दिलेला १.३८.६० हा आकडा एकूण क्षेत्राचा आहे, म्हणून तुमच्याकडे हा प्रश्न नाही.

जुन्या कागदावरचे 'आणे' मात्र तीन प्रकारचे असतात आणि त्यांची सरमिसळ मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही झालेली पाहिली आहे. क्षेत्राच्या रकान्यात 'एकर-गुंठे-आणे' असे तीन आकडे असतात, तिथला आणा गुंठ्याचा सोळावा भाग. शेजारीच आकाराच्या रकान्यात 'रुपये-आणे-पै' असतात, ते सारा भरायचे पैसे. आणि दस्ताच्या मजकुरात 'पैकी ४ आणे हिस्सा' येतं, तिथे सगळी जमीन १६ आणे धरून चौथा भाग सांगितलेला असतो. १३७ गुंठ्यांमधला चार आणे हिस्सा म्हणजे ३४ गुंठे ४ आणे. यातले पहिले चार आणे वाट्याचे आणि शेवटचे चार आणे क्षेत्राचे. दस्त वाचताना प्रत्येक आण्याखाली पेन्सिलीनं लिहून ठेवा, हा क्षेत्राचा, हा साऱ्याचा की हिश्शाचा.

याहून जुने कागद, म्हणजे इनामपत्रं, सनदा, त्यात बिघे, पांड आणि चाहूर येतात. २० काठ्या गुणिले २० काठ्या म्हणजे बिघा, बिघ्याचा विसावा भाग पांड, १२० बिघ्यांचा चाहूर. शिवकालातली काठी पाच हात पाच मुठींची सांगतात. हात दीड फुटाचा धरला आणि पाच मुठी मिळून दीड फूट धरल्या तर काठी ९ फुटांची होते, बिघा १८० फूट गुणिले १८० फूट, ३२,४०० चौरस फूट, म्हणजे जेमतेम ३० गुंठे. पण हात कुणाचा? काठी परगण्यापरगण्यात बदलायची, त्यामुळे बिघ्याचं एकच असं रूपांतर करता येत नाही. इंटरनेटवर सापडणारा बिघा उत्तर भारतातल्या कुठल्या तरी राज्याचा असतो, तो आपल्या सनदेला लावू नका. कोकणात तर किती मण, किती खंडी बी लागतं त्यावरून शेत सांगायची रीत होती. त्यातून नेमकं क्षेत्र निघत नाही. असा कागद हाती असेल तर त्यातल्या चतुःसीमा वापरा आणि क्षेत्र मात्र पुढच्या पैमाशीच्या नोंदीतून घ्या.

आता जमिनीवर या. रूपांतर अचूक झालं म्हणून जागेवर तेवढी जमीन भरेलच असं नाही, आणि घरगुती मोजणीत होणारी चूक रूपांतराच्या चुकीहून कितीतरी मोठी असते. चौकोनी तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची पद्धत गावोगाव चालते. कोपरे काटकोनात नसतील तर ही पद्धत नेहमी क्षेत्र वाढवून दाखवते, कमी कधीच नाही. एक उदाहरण देतो. समोरासमोरच्या दोन बाजू १००-१०० फूट आणि उरलेल्या दोन ६६-६६ फूट. गुणाकार ६६०० चौरस फूट, सहा गुंठे आणि वर एक आणा. पण तुकडा तिरका आहे आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला तर ९० फूट भरतात. आता ते दोन त्रिकोण झाले. १००, ६६ आणि ९० बाजूंच्या त्रिकोणाचं क्षेत्र २९०६ चौरस फूट. असे दोन, ५८१२ चौरस फूट, म्हणजे ५ गुंठे साडेपाच आणे. बाराएक आण्यांचा फरक पडला, सहा गुंठ्यांच्या तुकड्यात. म्हणून चार बाजू मोजल्या तरी एक कर्ण मोजल्याशिवाय घरी परतू नका.

उतारावर टेप जमिनीला चिकटवून मोजला तर लांबी जास्त येते. नकाशातलं क्षेत्र आडव्या सपाटीवरचं असतं. वीस अंशांच्या उतारावर हा फरक सहा टक्क्यांचा असतो. मावळात, कोकणात असे उतार पावलोपावली आहेत. टेपचं एक टोक उचलून तो आडवा ताणा, लागलं तर टप्प्याटप्प्यानं मोजा. आणि मोबाइलच्या ॲपवर वाटणी करू नका. १० गुंठ्यांचा चौरस तुकडा साधारण ३१.८ मीटर बाजूचा असतो. लांबी-रुंदीत फक्त एक-एक मीटर इकडे-तिकडे झाला की ६५ चौरस मीटर फिरतात. एकराला ४० आर धरण्यातली चूक ४७ चौरस मीटरांची होती, ती अख्ख्या एकराला. ही दहा गुंठ्यांत झाली. वाटणीच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावरच खुणा पक्क्या करा.

सीमेपलीकडच्या नातेवाइकांची कागदपत्रं पाहणाऱ्यांसाठी एवढंच: बेळगाव-निपाणीकडे कर्नाटकच्या उताऱ्यावर आजही एकर-गुंठेच असतात, तर गोव्यात व्यवहार चौरस मीटरमध्ये चालतात. दोन्हीकडची जमीन एका वाटणीत येत असेल तर सगळ्याचे चौरस मीटर करूनच बसा.

तुमची विक्री आणि वाटणी मी अशी मांडली असती. १० गुंठे विकायचे म्हणजे १०११.७ चौरस मीटर, ०.१०.१२. रस्त्याकडेची पट्टी जर एक साखळी, म्हणजे ३३ फूट रुंद दिली तर आत ३३० फूट जावं लागेल, तेवढी खोली आहे का ते आधी बघा. दस्तात ०.१०.०० लिहिलं तर घेणाऱ्याला ९ गुंठे १४ आणेच मिळाले आणि त्यानं पैसे दहाचे दिले. पुढे तो १२६ चौरस फुटांसाठी तुमच्या दारात येईल आणि त्याचं म्हणणं खरं असेल. तुकडेबंदीची, म्हणजे किती लहान तुकडा करता येतो याची, तुमच्या भागातली मर्यादा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, आणि ती आरमध्ये आहे की गुंठ्यांत हेही विचारा, कारण काठावरच्या क्षेत्राला तिथे हाच १.१७ चा फरक आडवा येतो.

उरले १२७ गुंठे. चौघांत प्रत्येकी ३१ गुंठे १२ आणे, म्हणजे ३२१२ चौरस मीटर, ०.३२.१२. ताळा करा: चार वेळा ०.३२.१२ म्हणजे १.२८.४८, त्यात विकलेले ०.१०.१२ मिळवा, १.३८.६०. हेच कुणी सोपं करायला म्हणून प्रत्येकी ०.३२ आणि विक्री ०.१० असं लिहिलं तर बेरीज १.३८ येते आणि ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास जमीन कुणाच्याच नावावर लागत नाही. असा तुकडा दहा-वीस वर्षांनी पुढच्या पिढीत बरोबर वर येतो.

वाटणीपत्रात प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र असं लिहा: '० हेक्टर ३२ आर १२ चौरस मीटर (अक्षरी बत्तीस आर बारा चौरस मीटर), म्हणजेच ३१ गुंठे १२ आणे.' टिंब कुठेच नको, आकडा अक्षरातही हवा, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी हव्यात. चतुःसीमा लिहा, मोजणीचा नकाशा जोडा आणि त्यावर चौघांच्या सह्या घ्या. आणि त्याआधी धाकट्या चुलत्यांना शेजारी बसवून ०.४२४९ गुणिले ४० त्यांच्याच हातानं करू द्या. समोरच्यानं सांगितलेला हिशेब भावकीत कुणी मानत नाही, स्वतः केलेला मानतात.